अळणी

मंडईच्या रात्री, सव्वादहाला,
पहिल्या एन्ट्रीच्या बरोबर तासभर आधी
मी पानठेल्यामागे जातो
आणि अर्धी गोळी गिळतो.

बीपीची आहे.
मला बीपी नाही.

मी खलनायक. पोस्टरवर माझे डोळे
पोरांच्या तळहाताएवढे.
चार अंकांत दोन खून, एक जमीन हडप,
आणि तिसऱ्या अंकात हातात पेला धरून हसायचं,
सावकाश, पाणी न हिंदकळता.

त्या साली हिंदकळलं.
छाती अशी वाजायला लागली
की ढोलकीवाल्याने मान वळवून पाहिलं.
वारलूजी खड्ड्यातून प्रॉम्प्ट करत होते,
ओठ दिसत होते, शब्द नाही.
पब्लिकला वाटलं, पापाने थरथरतोय.
टाळ्या पडल्या.
त्या टाळ्यांबद्दल मी घरी बोललो नाही.

डॉक्टर उईकेंनी दंडाला पट्टा बांधला,
फुगवला, सोडला, परत फुगवला.
कार्डिओग्रामची पट्टी बोटांतून सरकवत म्हणाले,
"हृदय चांगलं आहे. नुसतं ऐकतं फार."
दमा नाही ना, दोनदा विचारलं.
मग लिहून दिली, रक्तदाबाची जुनी गोळी,
थोडीशीच, सांगितलं तेवढीच.
"भीती जाणार नाही, दसरथजी.
अंगाला तिची बातमी लागणार नाही, एवढंच."

तसंच झालं. भीती येते,
पहिल्या रांगेत सतरंजीवर बसते
घोंगडं पांघरून, शेंगा फोडत.
मी तिला पाहतो. पेल्याकडे पाहत नाही.

घरी मात्र पारबताने रिकामं पाकीट
मेडिकलवाल्या पोराला दाखवलं.
"काकी, बीपीची होय."
मी हो म्हणालो.
बीपी म्हणजे माणसाला शोभणारं दुखणं,
सरपंचाला आहे, हेडमास्तरांना आहे.
भेव कोणाला असते? लहान पोराले.

दुसऱ्या दिवसापासून मीठ बंद.
लाखोळीचं वरण अळणी, वांगं अळणी,
झिंग्यांची चटणी, देवा, तीसुद्धा.
दोन हंगाम.
मुक्कामाच्या गावी पंगतीत
मी चोरासारखं मीठ मागायचो,
आणि अंधार पडला की फोन.
आमच्या झाडीच्या बोलीत ळ नाही.
"गोरी घेतली का?" ती विचारायची,
स्पीकरवर, मेकअपच्या तंबूत,
आणि हिरॉईनची काजळाची रेघ
हसून कानापर्यंत जायची.

या माघात आशाताई आल्या मशीन घेऊन,
गावभर तिशीच्या वरचे दंड मोजत.
एकशे सोळा, चौऱ्याहत्तर.
"काकी, काकाले बीपी नाही.
हे गोळी दुसऱ्या कामालेही देतेत.
छातीची धडधड, हात कापणं."
पारबताने आपला दंड पुढे केलाच नाही.
उठून चुलीकडे गेली.

त्या रात्री ताटात डावीकडे
एक चिमूट मीठ.
तिच्याही ताटात.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला,
एका चुलीवर दोन वरणं कोण चढवतं?
दोन हंगाम तीही अळणीच जेवत होती.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
न खाल्ल्या मिठाला कसं जागायचं
हे कुठल्याच नाटकात लिहिलेलं नाही,
वारलूजींच्या वहीतही नसेल.

"कधीपासूनचं भेव?" तिने विचारलं,
वरण कालवत, मान वर न करता.
मी सांगायला तोंड उघडलं
आणि छाती वाजू लागली,
घरात, बिनगोळीची.
हातातला गडवा हिंदकळला.

तिने तो धरला नाही.
सांडलं तेवढं सांडू दिलं.
"सांगा," म्हणाली.