नोटिशीला उत्तर, तांडापेठेतून

महोदय,
आपली नोटीस मिळाली. सतरा पानं.
नवतपा चालू होता. गल्लीभर ताणा वाळत घातलेला,
त्याखालून वाकून आला पोस्टमन,
सगळेच येतात तसा.
सही केली तेव्हा माझ्या हाताला खळीचा वास होता.

आपण म्हणता,
चौकटीच्या कागदावरची नक्षी वाचून
कोणता धागा उचलायचा, कोणता नाही,
हे मागाला सांगण्याची रीत आपली आहे.
दावा क्रमांक एक ते बावीस.
आणि 'धोटा' नावाचा माझा प्रोग्रॅम,
जो मी तीन उन्हाळे कूलरच्या घरघरीत लिहिला
आणि मागेल त्याला दिला, आतल्या कोडसकट,
ती चोरी आहे.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू.
रात्री सगळं पुसून टाकायला बसले होते,
बोट कळीवर होतं.
मग आठवलं, इचलकरंजीच्या एका पोराने त्यात
तुटलेला धागा ओळखायची युक्ती घातलीय.
पेरूतल्या कुणा बाईने, जिचं नाव मला उच्चारता येत नाही,
माझी चूक दुरुस्त केलीय, वर माफी मागून.
एकटीचं असतं
तर पुसलं असतं.

सकाळी दौलतराव सोनकुसऱ्यांकडे गेले.
ऐंशी पार. मागाच्या खटखटीने खाल्लेले कान.
नोटीस दोनदा वाचली, ओरडून.
"म्हंजे खुंटी हाय का नाही, येवढंच ना?
काऊन वं, येवढ्यासाठी सतरा पानं?"
आणि माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढायला लावला.

डब्यात डॉबीच्या पट्ट्या. लाकडी, तेलकट.
खुंटी, भोक, भोक, खुंटी.
खुंटी म्हणजे उचल. भोक म्हणजे राहू दे.
करवती काठाचा एकेक दात
तिथे आधीच लिहून ठेवलेला.
एका पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने:
तान्हा पोळा, १९६३.

वकीलबाई फरहीन काझी, मोमिनपुऱ्याच्या,
चष्मा कपाळावर सरकवून बघतच राहिल्या.
म्हणाल्या, जे आधीचं आहे
ते नवं म्हणून कुणाला विकत घेता येत नाही.
फी अजून सांगितलेली नाही.

आणखी एक. आम्ही भिशी लावली आहे.
पैशांची नाही. बुटीबोरीच्या एका कारखान्याने
आपलं एकुलतं पेटंट हंड्यात टाकलं,
पुण्याच्या कंपनीने चार.
अट एकच: धोट्यावर दावा लावायचा नाही.
जो लावील त्याला हंड्यातलं काही वापरता येणार नाही.
फरहीन म्हणतात, आपल्या भिवंडीच्या युनिटात
त्यातलं एक रोज वापरलं जातं.
कायद्याचं मला नीट कळत नाही.
आपल्या वकिलांना कळेल.

काल मारबत निघाली. पोरांनी बडग्या केला
आपल्या नोटिशीच्या झेरॉक्सचा, गळ्यात टाय.
मी नको म्हणत होते. मग नेहरू पुतळ्यापाशी
माझाही आवाज त्यात मिसळला:
घेऊन जा गे मारबत!
राग मानू नये. मूळ प्रत फायलीत आहे.

धोटा चालू आहे.
सोबत पट्टीचा फोटो जोडला आहे, दोन्ही बाजूंनी.
प्रत्यक्ष पट्टी पाठवता येणार नाही.
दौलतराव म्हणतात,
तिच्यावर एक काठ काढायचा राहिलाय.