काळा की पांढरा

रोसारिओत, मेंदोसा रस्त्याच्या कोपऱ्यावर माझी टपरी.
पुढं लोखंडी जाळी,
जाळीत एक हात जाईल एवढी खिडकी.
समोरचं फ्रिजचं दुकान मार्चमध्ये मिटलं.
काचेआड एक फ्रिज अजून उभा आहे, दार उघडं,
आत कुणीतरी विसरलेला झाडू.

भाव मी पेन्सिलीनं लिहिते.
शाई वाळेपर्यंत भाव टिकत नाही.
सोमवारचा आकडा बुधवारी खोडते,
कागद एवढा खरवडला गेलाय
की उजेडाला धरला तर पलीकडची बस दिसते.

आणि तरी (हे मला माझ्या वहीनंच सांगितलं)
सिगारेटी सुट्या जातात,
वर्तमानपत्रं गठ्ठ्यानं परत जातात,
पण आल्फाहोर संपतात.
दोन बिस्किटं, मधे आटवलेल्या दुधाचा चिकट गोड थर,
वरून चॉकलेट, नाहीतर साखरेचा पांढरा लेप.
गेल्या वर्षी खोकं आठवडाभर पुरायचं.
आता शुक्रवारी फोडलेलं रविवारी रिकामं.

माझा भाऊ एव्हेलिओ म्हणतो, लोकांना अक्कल नाही.
दात कोरून पोट भरतं का?
नाही भरत. त्यांनाही ठाऊक आहे.
पोटासाठी ते बेर्नास्कोनी खाटकाकडे जातात,
पाव किलो हाडं मागतात,
'कुत्र्यासाठी' म्हणतात.

माझ्याकडे येतात तेव्हा आवाज वेगळा असतो.
सुलेमा येते, शिवणकामाच्या कारखान्यातून काढलेली,
बोटांवर अजून सुईचे ठिपके.
घरमालकाला हो म्हणून,
वीजवाल्यांना उद्या म्हणून,
मुलाच्या सहलीला नाही म्हणून आलेली.
जाळीशी उभी राहते. मी विचारते,
काळा की पांढरा?
आणि ती विचारात पडते.
मागं रांग. कुणी कुरकुरत नाही.
ती काळ्याकडे बघते, पांढऱ्याकडे बघते,
जणू दोन घरं दाखवलीत मी तिला,
एक नदीकाठचं, एक बागेजवळचं.

मी घाई करत नाही.
बिस्किटाचं काय, दोन घासांत संपतं.
हे ताटकळणं, मला वाटतं, ते विकत घेतात.
दिवसभरात एवढ्या एकाच जागी
कुणीतरी विचारतं, तुम्हाला काय हवंय.

सुटे नसतात. उरलेल्या पैशांच्या मी गोळ्या देते.
एकदा म्हाताऱ्या इबार्लुसेआनं,
फ्रिजचं दुकान त्याचंच,
त्याच गोळ्या साठवून आणल्या, कोटाच्या खिशातून,
एकेक मोजून खिडकीत मांडल्या
आणि म्हणाला, "एक पांढरा."
मी घेतल्या. माझ्याच होत्या.
रात्री वहीत काय लिहावं कळेना,
'गोळ्या' लिहिलं.

काल नवं खोकं आलं.
वेष्टन तेच, आणि नवल म्हणजे भावही तोच.
पण आल्फाहोर कागदात हलत होता,
थोरल्याच्या बुटात धाकट्याचा पाय हलावा तसा.
सुलेमानं पांढरा तळहातावर घेतला, तोलला.
माझ्याकडे पाहिलं.
मी जाळीची कडी पुसत राहिले, पुसलेलीच होती.

"बघू, काळा दाखव," ती म्हणाली.
दुसरा हात पुढं केला.
मागून कुणीतरी खोकलं.
"थांबा हो," ती मागं न बघता म्हणाली,
"थांबा जरा."