चार्ज

हेडाऊबाबू, चष्मा लावा, मोजू या.
बॅटी नऊ.
दोन वाकल्या आहेत, पण तसं लिहू नका,
ऑडिटवाला विचारेल, कशानं वाकल्या,
मग सांगावं लागेल की अमरावतीला हरल्यावर
कॅप्टननं एक गोलपोस्टवर आपटली
आणि मी पाठ फिरवून
लिंबूपाणी पीत उभा राहिलो.
दुसरीचं मला खरंच माहीत नाही.

ग्लोव्ह चौदा, डावऱ्यांचे दोन.
या एकाला टाके माझे आहेत.
सक्करदऱ्याच्या बाजारात एका मोच्याजवळ
आठ दिवस बसून शिकलो. त्यानं पैसे घेतले नाहीत,
नातीला टीममध्ये घ्या म्हणाला.
घेतली. बरी खेळायची.

होमप्लेट मोजू नका.
ती आमच्या मोरीच्या जुन्या दाराची फळी आहे,
कॉलेजची नाही.

रुजू झालो तेव्हाचे प्राचार्य म्हणाले,
सॉफ्टबॉल म्हणजे मऊ बॉल ना, पोरींसाठी बरा.
मी काही बोललो नाही,
बॉल टेबलावर ठेवला, जरा जोरात.
टेबलाच्या काचेला तो तडा अजून आहे.
नंतर पाच प्राचार्य बदलले.
काच कोणी बदलली नाही.

मे महिन्यात साडेपाचला प्रॅक्टिस,
आठ वाजता मैदानाचा तवा.
दिघोरीहून, नंदनवनातून सायकलींवर यायच्या,
तोंडाला दुपट्टे, फक्त डोळे,
एकतीस वर्षं मी पोरी डोळ्यांवरून ओळखल्या.
पोट्टी काळी पडून राह्यली सर, बाप म्हणायचे,
लगन कसं होईन?
मी वाद घालत नसे.
त्यांच्याकडची सांबारवडी खात बसायचो,
दुसरी प्लेट, तिसरी प्लेट,
शेवटी ते कंटाळून म्हणायचे, घेऊन जा बाप्पा.

काय म्हणता, बॉल?
बावीस. हो, रजिस्टरात तेवीस असतील.

तेव्हा भिंतीपलीकडून नॅरोगेज जायची,
नागभीडची पॅसेंजर, बैलगाडीइतकी घाई तिला.
सत्त्याण्णवचा जानेवारी, शेवटची इनिंग,
तिसऱ्या बेसवर आमची रनर, एकच धाव हवी,
बॅटिंगला सुकेशनी गोंडाणे.
मी कानाला हात लावला.
कानाला हात म्हणजे बंट,
बॉल हळूच खाली टाकायचा, आपण आऊट व्हायचं,
दुसरीला घरी आणायचं.
माझ्या सगळ्या पोरींना येत होतं ते,
शिकवायची फारशी गरज पडत नसे.

तिनं मारला.
भिंतीवरून गेला, बाभळीवरून गेला,
आणि चालत्या डब्याच्या खिडकीतून आत.
मैदान गप्प.
रनर पळायचं सोडून गाडीकडे बघत राहिली,
अंपायरही, मीसुद्धा,
आणि खिडकीतून एका बाईचा हात बाहेर आला
बॉल धरलेला,
तो तसाच लहान होत गेला उमरेडच्या बाजूला.

सुकेशनी आता गोंदियाकडे ठाणेदार आहे.
निरोपाचं कळलं म्हणून परवा फोन आला तिचा.
इतक्या वर्षांनी विचारलं,
बाई, तू त्या दिवशी माझी खूण पाहिली नव्हती का?
थोडा वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.
पाहिली होती सर, म्हणाली.

गहाळ लिहा.
दुसरा कुठला शब्द तुमच्या रकान्यात मावणार नाही.
रूळही आता उखडले, पुरावा मागाल तर नाही.
पंच्याऐंशी रुपये ना तेव्हाची किंमत?
हे घ्या शंभर. पावती द्या,
सुटे राहू द्या.

सही कुठे, इथे? आणि इथेही?

खिडकी जरा लोटता का, बाबू,
बाहेर कोण थ्रो करतंय बघू द्या.
नवीन आहे वाटतं. कोपर पार खाली आहे तिचं.
नाही नाही, मी कुठे जातोय,
आता माझा काय संबंध.

ए पोट्टे! कोपर!