बॉबिन

आईच्या मशीनची बॉबिन
अनसूच्या हातून मोरीच्या जाळीत गेली,
तेव्हा मी पलंगावर शेंगा सोलत होते. सोलत म्हणजे खात.
"आणल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस," आई म्हणाली.
आई म्हणजे माझी. अनसूची कधीच गेली होती.

रास्ता पेठेतून चालत चालत
ती भवानी पेठेत हलीमाबीच्या दाराशी पोचली.
हलीमाबीचे पुढचे दात केवढाले! पोरं पळून जायची.
अनसू नाही पळाली.
घरी तिनं याहून मोठे पाहिले होते.

"गाद्या झटकशील?"
"झटकेन."

भर मे महिन्यात, म्हणे, त्या गल्लीत
कापूस असा उडायचा
की समोरचा भेळवाला छत्री उघडून बसायचा.

तीन वर्षांनी आली.
केसांत पिंजलेला कापूस,
उतरत्या उन्हात सगळा सोन्याचा.
नवी बॉबिन आईपुढे ठेवली,
चहा न घेता उठली.

मग आईनं मला धाडलं.
मी दोन गाद्या झटकल्या, तिसरीवर झोपले.
हलीमाबी काही बोलली नाही, फक्त दार दाखवलं.
नाना पेठेत रस्ता डांबरत होते,
चपला तिथंच रुतून राहिल्या.
रॉकेलनं घासले पाय,
तरी टाचेच्या भेगेत अजून काळं आहे.

आता दुकान अनसूचं.
परवा तिनं रजई पाठवली, बरोब्बर माझ्या मापाची.
माप मी दिलं नव्हतं.
लहानपणी रात्री माझं पांघरूण
तीच सारखं करायची.

पांढरीशुभ्र आहे.
टाच बाहेर ठेवून झोपते.