चौथा स्क्रू

टेबलावरचा डॉक पाच वर्षांचा.
दोन पडदे, कीबोर्ड, माऊस, इंटरनेटची निळी वायर,
सगळ्यांचं मिळून एकच दावं,
त्याचं टोक लॅपटॉपच्या गळ्यात.
खोक्यावर लिहिलं होतं: भाग बदलता येतात.
त्या एका वाक्यावर घेतला होता.

ऑगस्टपासून उजवा पडदा मधूनच काळा होतो.
पुण्याच्या साहेबांना जिन्याचा छेद दाखवताना
बाराव्या पायरीपर्यंत उजेड, तेराव्या पायरीला अंधार.
मी वायर हलवते. मग वायर धरूनच बसते,
उरलेल्या हाताने जिना काढते.
टॉर्च मारून पाहिलं तर खाचेत हिरवट.
वेंगुर्ल्यात समईलाही हाच रंग चढतो,
पण समई चिंचेने घासता येते.

नुसता भाग चार हजार दोनशे.
नवा डॉक नऊ हजार नऊशे,
त्यात तीन पडद्यांची सोय, शंभर वॅट,
आणि दोन वर्षांची हमी,
जिच्यात खारा वारा बसत नाही, बारीक अक्षरांत.
विजेच्या बिलामागे बेरीज केली तीनदा.
तिसऱ्यांदा तिसरा पडदा कुठे ठेवणार
याचाच विचार करत होते.

घना मोंडकर तिसऱ्या द्यायला आला होता.
मला वाटलं, हा सांगेल दुरुस्त कर.
वीस वर्षं ज्याने एकाच होडीची
एक एक फळी बदलली, तो दुसरं काय सांगणार?
ती उपमा मी मनात घासूनपुसून ठेवलीही होती.

"नवीन घे गो," तो म्हणाला.
"फणसाचा लाकूड गावत होता, म्हणान मी फळयो बदललंय.
म्हातारो सुतार होतो. तो गेलो, मी फायबरची घेतलंय.
उद्या तुझ्या कंपनीन ह्यो भाग करूचो बंद केल्यान, तर?"

हे खोक्यावर नव्हतं.

तरी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात होता.
तीन स्क्रू निघाले. चौथा
निघेना; त्याचं डोकं तांबेऱ्यात बुडून गेलेलं,
स्क्रू आणि पत्रा यांच्यात आता फरकच नाही.
नवीन घे म्हणणारा घना चप्पल काढून आत आला,
रॉकेलचा थेंब सोडला, वर बोट ठेवून बसला,
इंजिनाशी बोलतात तसं काहीतरी पुटपुटला.
"रातभर रवांदे."

सकाळी तो आला तेव्हा चहा उतू जात होता.
स्क्रू तुटूनच निघाला, अर्धा.
आत धूळ, मीठ,
आणि पालीच्या अंड्याचं एक कोरं टरफल,
फुटलेलं, म्हणजे जे होतं ते निघून गेलेलं.
पाच वर्षं मी त्यांना ऊब पुरवत होते,
आणि वॅट मोजत होते.

भाग मागवला. चार हजार दोनशे अधिक कुरियर.
कुडाळहून 'उद्या' निघालेलं पार्सल
शनिवारी पोचलं, पावसाने मऊ झालेल्या खोक्यात.
नवा तुकडा जुन्याहून काळपट.
बसला मात्र टच्कन.
उजव्या पडद्यावर तेरावी पायरी आली,
आणि दिसलं की ती पाच मिलिमीटरने चुकली आहे.

घनाची जुनी होडी माडाखाली पालथी आहे अजून.
फोडायला काढली होती,
पण खाली कोंबडी बसली अंड्यावर,
म्हणून राहिली, असं तो म्हणतो.
मी विचारलं नाही की किती कोंबड्या, किती वर्षं.

तीन स्क्रूंवर चाललंय सध्या.
चौथ्याचं भोक तसंच.
रात्री गेलेली वीज परत आली की
त्यातून आतल्या दिव्याचा एक टिपका
समोरच्या भिंतीवर पडतो,
ओल आलेल्या चुन्यावर, साधारण खुंटीपाशी.
मी कूस बदलते. वीज आली.