ठासणीची

बाबांची ठासणीची बंदूक
मेजावर उघडली, कालच्या वर्तमानपत्रावर.
मोसमाला नऊ दिवस.
बाहेर ट्रबलसम ओढ्यावर धुकं उतरलेलं,
ओट्यावर मक्याचा पाव निवतोय.

तीन स्क्रू. तिसऱ्याची खाच कुणीतरी
चाकूच्या टोकानं ओरबाडून ठेवलेली.
कुणीतरी म्हणजे एल्बर्ट टॅकेट,
ज्यांना उठून पेचकस आणायचा कंटाळा,
आणि आम्हाला मात्र सांगायचे, हत्याराचा मान ठेवा.

कमान दमलेली.
घोडा धरून ठेवणारा दात झिजून गोल,
धरतो म्हणतो, आणि सोडतो.
चकमकीखालचं चामडं जळून कडक :
त्यांच्या खाणीतल्या बुटाच्या जिभेतून कापलेलं,
नाडीच्या भोकाची अर्धी कड अजून दिसते.

टपालानं आलेलं खाकी पाकीट झटकलं.
कमान, दात, दोन स्क्रू,
शर्टाच्या चार बटणांएवढं वजन.
दात जरा जाड. कानस.
बसव. अडतोय. काढ. पुन्हा कानस.
पाव कधी गार झाला कळलं नाही.

चामडं मात्र तेच ठेवलं,
उलटं करून.

संध्याकाळी कुंपणापाशी,
साठ पावलांवर अक्रोडाच्या खोडाला
बरणीचं झाकण ठोकलं. डॉर्सी बघत उभा.
दारू, गोळी, गज. कानाशी चिमूटभर रंजक.

पूर्वी खट् आणि धडाम यांच्या मधे
एक जागा असायची.
बारा वर्षांची होते, त्यांची हनुवटी माझ्या टाळूवर,
तंबाखूचा वास,
आणि त्या जागेत ते पुटपुटायचे :
हलू नकोस. येतेय. हलू नकोस.
मी चाप आधी ओढायला शिकले
आणि नेम नंतर धरायला.
चाळीस वर्षं हरणांना त्यातली चूक कळली नाही.

आज खट्‌मधेच धडाम.
नळी अजून खाली येत होती,
गोळी झाकणाच्या वीतभर वरून गेली.

डॉर्सी म्हणाला, बिघडवलीस.
म्हटलं, नाही, सुधारली.

मग दुसरा बार, तिसरा.
आता आधी नेम, मग चाप,
हे त्रेपन्नाव्या वर्षी, नऊ दिवसांत.
चौथ्याला झाकण टणकन वाजलं.
डॉर्सीनं शीळ घातली, झाडाकडे निघालासुद्धा.

धूर पांगला
तरी मी गाल दस्त्याला लावून तशीच,
न हलता.