रायवळ

मालाड, चौथा मजला, दुपारचे अडीच.
पंखा तीनवर, मी सतराशे एकोणचाळीसमध्ये.
ग्रंथालयातली बखर घामेजल्या बोटांना चिकटते;
शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं
दुधाचा हिशेब मांडलाय, चार दिवस खाडे.

वसईच्या खाडीकाठी अवडाई
अकरा दिवस उभी आहे.
हैबतीनं तिला आंबा द्यायचा, एवढंच ठरलंय.
पण कुठला?
कलमं पोचली होती का तेव्हा इकडे?
तीन पुस्तकं चाळली. एकात तोफा, एकात तह,
एकात नुसते सरदार.
आंबा कुणीच खाल्लेला नाही.

शेवटी रायवळ दिला. चोखायचा, धाग्याधाग्यांचा,
कोपरापर्यंत ओघळणारा.
ती हसली, मला न विचारता.
पुढचं त्यांचं त्यांनीच केलं,
मी फक्त पदराबद्दलचं एक वाक्य खोडलं.

संध्याकाळी खाली हापूसच्या पेट्या.
मी विचारते, रायवळ आहे?
"तो कोण खातं हल्ली, मॅडम?"
आहे एक जण. वसईला असते.
"मग वसईलाच मिळेल की,"
तो म्हणतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे
सुटे शोधू लागतो.